वीस फूट अलीकडे थांबलेला दगड

कुठलीही वस्तू हातात आली की दादा आधी ती वाजवून बघायचे. लोणच्याची बरणी, कलिंगड, दुकानातला टेबललॅम्प, दुसऱ्याच्या घराची भिंत. मी अमेरिकेत, श्रूजबरीत घर घेतलं तेव्हा वास्तुशांतीला आलेली मंडळी किचन केवढं आहे, बेसमेंट फिनिश केलंय का, हे बघत फिरत होती, आणि दादा जिन्याखालच्या भिंतीवर मधल्या बोटाच्या पेराने टकटक करत उभे होते. थोड्या वेळाने माझ्या बायकोला म्हणाले, "घर छान आहे. फक्त इथे आत पोकळ आहे. इथे खिळा ठोकू नका." पुढच्या महिन्यात मी मुद्दाम तिथेच खिळा ठोकला. टांगलेली तसबीर दोन दिवसांत प्लास्टरसकट खाली आली. बायको ही गोष्ट बरेच दिवस लोकांना हसून सांगायची. मला हसू येत नसे.

पुढे जे लिहिणार आहे ते नीट कळावं म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला दादांचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, रोज उठून वाटायचा. ते माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे होते, त्यांनी मला धाकट्या भावासारखं वागवलं, आणि त्यांनी माझं कधी काहीही वाईट केलं नाही. हेव्याला याहून मोठी अडचण नसते. निदान एखादं कारण तरी मिळायला हवं होतं.

आम्ही दोघं वूस्टरजवळच्या एका कारखान्यात होतो. तिथे ग्राइंडिंग व्हील बनायची, म्हणजे धातू घासायची दगडी चाकं. दादा तपासणी विभागात. प्रत्येक चाक खुंटीला अडकवायचं, लाकडी हातोडीने हलकेच ठोकायचं आणि कान द्यायचा. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं, आतून तडकलेलं बद्द वाजतं. तडकलेलं चाक मशीनवर फुटलं तर समोरच्या माणसाचा जीव जाऊ शकतो, म्हणून हे काम जबाबदारीचं. पण पगार बेताचा. दादांना सुपरवायझर करायचं ठरलं होतं, तेव्हा त्यांनी नको म्हणून सांगितलं. "खुर्चीत बसलं की ऐकू कमी येतं," म्हणाले. तीच खुर्ची मी तीन वेळा अर्ज करून मिळवली. पहिल्या दिवशी माझ्या टेबलावर पेढ्यांचा डबा होता, दादांकडून. जेवणाच्या सुट्टीत मात्र माणसं त्यांच्याच बाकाभोवती जमायची. मी काचेच्या केबिनमध्ये बसून सँडविच खायचो आणि बाहेर कशावर एवढे हसतायत याचा अंदाज करायचो.

दादा भुसावळचे. जिथे उन्हाळ्यात पंख्यालाही घाम येतो त्या गावचा हा माणूस आमच्या भागातला सगळ्यात चांगला कर्लिंगपटू होता. मराठी मंडळात त्यांना 'बर्फवाले' म्हणत. कर्लिंग म्हणजे बर्फावरचा कॅरम समजा. वीस किलोचा गुळगुळीत ग्रॅनिटचा दगड, वर किटलीसारखी मूठ. एका टोकाकडून खेळाडू बर्फावर घसरत येतो आणि दगड सोडतो. शंभरएक फुटांवर बर्फात वर्तुळं रंगवलेली असतात, त्यांच्या मध्याजवळ तो थांबवायचा. दगडाच्या पुढे दोघं जण झाडू घेऊन धावतात. त्यांनी बर्फ जोरात घासला की दगड थोडा लांब जातो, नाही घासला तर लवकर थांबतो. दगडाला झाडू लागता कामा नये. संघात चौघं, प्रत्येकाचे दोन दगड, आणि शेवटचे दोन कप्तानाचे. दादा कप्तान होते.

त्यांना या खेळात आणलं डेव्हने. डेव्ह आमच्याच कारखान्यात भट्टीवर होता, सहा फुटी, लाल दाढीचा. एका हिवाळ्यात "चल, गंमत दाखवतो" म्हणून त्याने दादांना शेजारच्या गावच्या क्लबात नेलं. दादांनी म्हणे दगड आधी वाजवून बघितला, मग पायात कारखान्याचेच बूट घालून सोडला, आणि तो सरळ मधल्या ठिपक्यावर जाऊन बसला. पुढे एका वार्ताहराने त्यांना विचारलं, हे तुम्हाला आलं कसं? दादांनी सांगितलं, "लहानपणी आमच्या स्टेशनात बर्फाच्या लाद्या यायच्या, भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेल्या. आम्ही पोरं त्या फलाटावरून ढकलत न्यायचो. लादी कुठे थांबणार हे ओळखता आलं नाही तर पाय चेचायचा." हे खरं होतं की नाही देव जाणे. पण वर्तमानपत्रात छापून आलं. नागपूरला विद्यापीठाच्या कॅरम स्पर्धेत मी दोनदा पहिला आलो होतो. ते कुठेच छापून आलं नव्हतं.

त्या कॅरममुळेच त्यांनी मला संघात घेतलं. "कॅरमवाला म्हणजे वेग कळणार. ये तू," म्हणाले. आणि वेग मला खरोखर कळायचा. सोडलेल्या दगडाशेजारून चार पावलं धावलो की तो कुठे थांबणार हे मी सांगू शकायचो, फुटाचा फरक नाही. दगड टाकण्यात मात्र मी सामान्य राहिलो. माझे दोन दगड सगळ्यात आधी जायचे, जे सामना संपेपर्यंत कोणाच्या लक्षातही राहत नाहीत. बाकी वेळ मी आणि डेव्ह झाडू मारायचो. चौथा वॉल्टर, रिटायर्ड शाळामास्तर, दादा दगड टाकत असताना तो वर्तुळात उभा राहून त्यांना निशाणी दाखवायचा.

दादा बर्फावर आईने विणून पाठवलेली तपकिरी माकडटोपी घालायचे. क्लबची झोकदार टोपी त्यांना भेट मिळाली होती, ती वहिनींनी गाजरं ठेवायला घेतली. दगड सोडला की ते पालथे बर्फावर तसेच पडून राहायचे आणि तोंडाने एकोणतीसचा पाढा सुरू करायचे. स्टॉपवॉच वापरायला त्यांचा नकार होता. "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न." पाढ्याची सातवी ओळ होईपर्यंत दगड लांबच्या रेषेवर, म्हणजे वर्तुळांच्या मध्यापासून वीसेक फूट अलीकडे, आला तर वेग बरोबर, सहाव्या ओळीलाच आला तर जास्त. एकोणतीसच का, असं मी एकदा विचारलं.

"लहानपणी एवढा एकच पाठ होत नव्हता. मास्तरांनी रोज मारलं. आता झोपेतून उठवलं तरी एका चालीत येतो. मनगटी घड्याळ चुकेल, मार खाऊन शिकलेलं चुकत नाही."

अमेरिकन लोकांना याचं फार कौतुक. डेव्ह दोन सीझनमध्ये 'एकोणतीस त्रिक'पर्यंत शिकला. परक्या गावच्या क्लबांत लोक येऊन सांगायचे, ते तुमचं गाणं म्हणा ना. मीही तोच पाढा शिकलो होतो, मास्तरांचा मारही खाल्ला होता. मला कोणी म्हणा म्हणत नव्हतं.

या खेळातली एक रीत इथे सांगायला हवी. त्यात पंच नसतो, म्हणजे असला तरी तो वाद झाला तरच बोलतो. चालत्या दगडाला तुमचा झाडू किंवा पाय लागला तर ते तुम्ही स्वतः सांगायचं, आणि तो दगड तिथेच थांबवून बाजूला काढायचा. समोरचा संघ तुमच्यावर आरोप करत नाही, तुमचा कप्तानही "नक्की का?" असं विचारत नाही. स्वतःच्या चुकीबद्दल स्वतःचा शब्द हा शेवटचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे सगळं भाबडं वाटलं होतं.

मी संघात आल्यावर दुसऱ्याच हिवाळ्यात क्लबच्या स्पर्धेचा उपांत्य सामना होता. डेव्हचा खांदा दुखत होता म्हणून त्याच्या जागी दादा स्वतः झाडू मारत होते. वॉल्टरचा दगड मस्त चालला होता. अचानक दादांनी हात वर केला, दगड पायाने अडवला आणि म्हणाले, "लागला. माझा." मी अगदी त्यांच्या शेजारी होतो, मला काहीही दिसलं नव्हतं. समोरच्यांनाही नाही. आम्ही तो सामना हरलो. नंतर खाली बारमध्ये समोरचा संघ दादांना उठूच देईना. वर्षभर ती गोष्ट क्लबात फिरत होती. मला तेव्हा काय वाटलं ते प्रामाणिकपणे लिहितो: एवढं मोठेपण यांना परवडतं, कारण हरले तरी लोक यांच्याच भोवती बसणार. त्यांच्या खेळाचा हेवा मी समजू शकतो. पण त्या रात्रीपासून मला त्यांच्या खरेपणाचाही हेवा वाटायला लागला.

गणेशोत्सवात मंडळाने त्यांना 'प्रात्यक्षिक' द्यायला लावलं. शाळेचं जिम भाड्याने घेतलेलं, एका बाजूला आरास, दुसऱ्या बाजूला पुलावाची पातेली. दगड कुठून आणणार? दादांनी एक प्रेशर कुकर घेतला, खाली फडकं बांधलं आणि लाकडी फरशीवर सोडला. मला हाताला धरून पुढे काढलं. "हा माझा झाडूवाला. याच्याशिवाय मी शून्य." मी कुर्ता-पायजम्यात कुकरपुढे झाडू मारत धावलो. दीडशे माणसं टाळ्या वाजवत होती. एक काकू मोठ्याने म्हणाल्या, "अगंबाई, एवढं इंजिनियर होऊन अमेरिकेत आला आणि झाडूच मारतोय की हा!" सगळं जिम हसलं. माझी बायको हसली. दादा हसले आणि म्हणाले, "काकू, याच्याइतका झाडू तुम्हाला जमला असता तर काका वेळेवर घरी आले असते." त्यावर तर लोक खुर्च्यांवरून पडायचे राहिले. ते माझी बाजू घेत होते, हे मला आज कळतं. तेव्हा फक्त हशा ऐकू आला.

त्यानंतर वर्तमानपत्रात एक फोटो आला. दादा बर्फावर पालथे, समोर दगड, आणि कडेला माझा झाडू. मी कोपरापासून कापलो गेलो होतो. माझ्या सहा वर्षांच्या मुलीने तो फोटो शाळेत नेला होता. संध्याकाळी तिने मला विचारलं, "काका इज द चॅम्पियन, राइट? अँड यू जस्ट स्वीप?" मी म्हटलं, हो बेटा. तिला त्यात वाईट काहीच वाटलं नव्हतं. ती लगेच खेळायला पळाली.

मधल्या काळात दादांचा उजवा गुडघा बिघडला. दगड सोडताना सगळा भार त्याच्यावर येतो. डॉक्टरांनी सांगितलं, फार तर एक-दोन हिवाळे. त्या वर्षी आम्ही विभागीय स्पर्धेत एकेक फेरी जिंकत गेलो. जिंकणारा संघ राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होता. वीस वर्षं अमेरिकेत राहून दादांनी कशाचाही हट्ट धरल्याचं मी बघितलं नव्हतं. ना गाडीचा, ना घराचा, ना खुर्चीचा. पण एकदा कारखान्यातून निघताना पार्किंगमध्ये थांबून म्हणाले, "नॅशनल्सला एकदा जायचंय रे. जिंकायला नको. तिथल्या बर्फावर एकदा पालथं पडायचं, बस. मग गुडघा गेला तरी चालेल."

अंतिम सामना शेजारच्या राज्यात होता. फेब्रुवारीतला रविवार, दुपारची वेळ. काचेपलीकडे क्लबची माणसं दाटीवाटीने उभी होती, वहिनी पुढे खुर्चीवर, मांडीवर चिवड्याचा डबा. शेवटच्या डावात गुण समान. शेवटचा दगड आमचा. समोरच्यांचा एक दगड मधल्या छोट्या वर्तुळाला टेकून बसला होता. दादांचा त्याच्या आत गेला तर आम्ही जिंकलो, नाही तर ते.

दादांनी दगड सोडला. मी आणि डेव्ह दोन बाजूंनी निघालो. मागून पाढा ऐकू येत होता. चार पावलांत मला कळलं. दगड हळू वाटत होता, पण बरोबर होता. दुपारभर खेळून त्या पट्टीवरचा बर्फ गुळगुळीत झाला होता, दगडाचा वेग मरत नव्हता. डेव्ह ओरडला, "शॉर्ट आहे, घासू या!" मी म्हटलं, "नो. सोड. सोड." त्याने झाडू उचलला. माझ्यावर सगळ्यांचा एवढा विश्वास होता. काचेपलीकडे सगळे हातवारे करत होते, घासा, घासा. त्या सगळ्या इमारतीत हा दगड पोचणार हे माहीत असलेला माणूस मी एकटा होतो. तो आपणहून जाणार होता, आमच्या झाडूशिवाय, नुसत्या त्यांच्या हातावर. असा दगड माणूस आयुष्यात एकदा टाकतो.

लांबची रेषा जवळ आली. अजून वीस-बावीस फूट राहिले होते. मला फोटो आठवला, मुलगी आठवली, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. खरं म्हणजे काहीच आठवलं नाही. गरज पडली तर म्हणून बर्फालगत धरलेला माझा झाडू दगडापासून चांगला वीतभर लांब होता. मी हात वर केला, दगडापुढे पाय घातला आणि म्हणालो, "लागला. माझा."

दगड माझ्या बुटाला टेकून उभा राहिला. पाढा थांबला.

मग समोरच्या संघाचा कप्तान, पांढऱ्या मिशांचा म्हातारा, माझ्याकडे आला. त्याने दोन्ही हातांनी माझा हात धरला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. कोणी विचारलं नाही, नक्की का. कोणी विचारणारच नव्हतं. बक्षीससमारंभात खेळाडूंनी मतं देऊन खिलाडूपणाचं पदक मला दिलं. दादा सगळ्यात आधी उभे राहिले आणि सगळ्यात शेवटी बसले. माझ्याभोवती पहिल्यांदाच माणसं जमली होती. लाज वाटते लिहायला, पण तो अर्धा तास मला फार आवडला.

परतीच्या वाटेवर मी गाडी चालवत होतो. वहिनी मागच्या सीटवर झोपल्या होत्या. दादा खिडकीतून बाहेर बघत होते. मग म्हणाले, "मी केलं तेव्हा क्लबची स्पर्धा होती. सोपं होतं. आज नॅशनल्स होती, लेका. मला जमलं असतं की नाही सांगता येत नाही."

मी लेन बदलली.

"एक सांग. सगळे म्हणतायत तसाही कमीच होता. डेव्हही म्हणतो. तू घासू नको म्हणालास म्हणून विचारतो. कमी होता?"

त्या क्षणी निदान एवढं तरी मी त्यांना देऊ शकत होतो. 'दादा, दगड बरोबर होता, माझं चुकलं' एवढं पुरलं असतं. सामना गेला तरी तो दगड त्यांचा राहिला असता. पण मग बरोबर असलेला दगड मी घालवला असं झालं असतं, आणि माझ्या पदकाला डाग लागला असता. मी रस्त्यावरची नजर न काढता म्हणालो, "थोडा कमी होता. घासूनही पोचला नसता, म्हणून म्हटलं सोड."

"वाटलंच," ते म्हणाले. "हात घाबरला माझा."

पहिलं खोटं बोलायला मला अर्धा सेकंद लागला होता. हे दुसरं मी नीट विचार करून बोललो.

पुढच्या हिवाळ्यात त्यांनी शेवटचे दगड वॉल्टरला दिले. "माझ्या हाताचा भरवसा नाही राहिला," एवढंच कारण सांगितलं. गुडघ्याचं नाव घेतलं नाही. त्यानंतरच्या वर्षी खेळणंच सोडलं. क्लबात मात्र यायचे, बाकावर बसायचे, नवीन पोरांना रीत समजावून सांगायचे. आणि रीत समजावताना गोष्ट सांगायचे ती माझी. मी शेजारी असलो तर माझ्या पाठीवर हात ठेवून सांगायचे.

चार वर्षं गेली. कारखान्यात माणसं कमी करायला सुरुवात झाली. यादीत दादांचं नाव मला वाचून दाखवावं लागलं. त्यांनीच मला धीर दिला. सांता क्लाराला वहिनींचा भाऊ होता, त्याच्याकडे जायचं ठरलं. निरोपाला मंडळाने जेवण ठेवलं होतं. दादांना चार शब्द बोलायला सांगितलं, तर त्यांनी स्वतःबद्दल काही न बोलता पुन्हा तीच गोष्ट सांगितली. "अमेरिकेत मी काय कमावलं? हा पोरगा बघितला." माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. तिने टेबलाखाली माझा हात घट्ट धरला आणि हळूच म्हणाली, "बाबा, यू नेव्हर टोल्ड मी."

दुसऱ्या दिवशी शनिवार. मी त्यांच्याकडे सामान बांधायला गेलो. हॉलमध्ये खोकी, वहिनी वर्तमानपत्रात बरण्या गुंडाळत होत्या. दादा प्रत्येक बरणी त्यांच्याकडे देण्याआधी वाजवत होते. मी उभा होतो तसाच बोलायला लागलो. बसलो असतो तर बोलू शकलो नसतो.

"दादा, त्या दिवशी माझा झाडू लागला नव्हता."

"कुठल्या दिवशी?"

"फायनलला. लांब होता. वीतभर लांब होता. मी उगाच सांगितलं लागला म्हणून."

दादांना आधी ते कळलंच नाही. "उगाच म्हणजे?"

"तुम्ही जिंकू नये म्हणून."

त्यांनी हातातली बरणी खाली ठेवली. वहिनींचे हात थांबले. माझी अपेक्षा होती की ते ओरडतील, निदान चालता हो म्हणतील. मी त्यासाठीच गेलो होतो, असं आता वाटतं. ओरडले असते तर माझी सुटका झाली असती. ते एका खोक्यावर बसले आणि बराच वेळ स्वतःच्या उजव्या तळहाताकडे बघत राहिले.

वहिनी म्हणाल्या, "चार वर्षं हा माणूस गॅरेजमध्ये पायमोजे घालून घसरतोय. हात कुठे चुकला ते शोधतोय. मी हसायची त्यांना." माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. बरण्या तशाच टाकून त्या आत गेल्या.

"मग कमी होता का?" दादांनी विचारलं.

"नाही दादा. पोचला असता."

"कुठे?"

"त्यांच्या दगडाच्या आत. मधल्या ठिपक्याला लागून. न घासता."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. क्षणभर समोर पन्नाशी ओलांडलेला माणूस नव्हताच. त्यांनी उजवा हात पुढे केला, मूठ किंचित फिरवली, दगड सोडतात तसा. मग हात तसाच हवेत राहिला आणि ते माझ्याकडे बघायला लागले.

"गाडीत तू कमी होता म्हणालास."

"ते खोटं होतं."

"आणि हे?"

"दादा, मी वेग कधी चुकलोय?"

"वेग नाही चुकलास," ते म्हणाले. "पण मी उद्या चाललोय, तुला वाईट वाटतंय, मला बरं वाटावं असं तुला वाटतंय. हे दिसतंय मला. मग यातलं मी कुठलं धरू? तुझ्याशिवाय विचारू तरी कोणाला? दुसऱ्या कोणालाच माहीत नाही."

मी पुन्हा म्हणालो, पोचला असता. शपथ घालू लागलो, मुलीची. त्यांनी हाताने थांबवलं. ते रागाने विचारत नव्हते. त्यांना खरोखर काहीतरी हवं होतं, एखादी खूण, एखादी अशी गोष्ट जी माझ्या शब्दाच्या बाहेरची असेल. आणि ती माझ्याकडे असेल अशा आशेने ते खोक्यावर बसून माझ्याकडे बघत राहिले.